काकांचा जुना पूल क्यू: किंमत कशी कळेल?

पत्र

आमचे काका १९६६ ते १९७४ न्यू जर्सीत एका रासायनिक कारखान्यात नोकरीला होते. परत येताना त्यांनी स्क्रूने जोडायचा, दोन तुकड्यांचा एक पूल क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या ‘पूल’ या खेळाची काठी, आणला. गेल्या वर्षी काका गेले. घर आवरताना माळ्यावर तो काळ्या पेटीत सापडला. मुठीच्या वर पिवळसर लाकडात चार काळी टोकं वर गेली आहेत, त्यांना रंगीत कडा आहेत. मुठीला दोरा गुंडाळलेला आहे. अगदी खाली पिवळट पडलेलं पारदर्शक प्लास्टिक आहे आणि त्याच्या आत काकांचं नाव. चुलतभावाच्या मुलाने नेटवर असाच क्यू आठ लाखांना पाहिला. आमचे फर्निचर पॉलिश करणारे म्हणतात, दीड हजारात नव्यासारखा करून देतो, मग किंमत चांगली येईल. आम्ही तिघं भावंडं वारस आहोत. खरी किंमत कशी कळेल? पॉलिश करावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, सगळ्यात आधी पॉलिशवाल्यांना नाही सांगा. त्यांचा हेतू चांगलाच आहे, आणि लाकडी कपाट असतं तर मी हो म्हटलं असतं. जुन्या क्यूच्या बाजारात मात्र नवेपणाला भाव नाही. जाणकार गिऱ्हाईक क्यू हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच बघतो की मूळ फिनिश, म्हणजे लाकडावरचा लेप, शाबूत आहे का. बनवणाऱ्याची सही किंवा छाप असलीच तर ती फिनिशच्या त्या पातळ थराखाली असते. त्यावर पॉलिशपेपर फिरला की सही गेली, आणि सहीबरोबर किंमतही गेली. पुढच्या निमुळत्या भागाचं, म्हणजे शाफ्टचं, नुकसान तर आणखी मोठं. पूल क्यूचा शाफ्ट टोकाशी साधारण १३ मिलिमीटर जाड असतो. घासून अर्धा मिलिमीटर कमी झाला तरी खेळणाऱ्याच्या बोटांना तो लगेच जाणवतो, आणि कमी झालेलं लाकूड पुन्हा भरता येत नाही.

तुम्ही एवढंच करा: कोरड्या मऊ सुती फडक्याने धूळ पुसा. तेल लावू नका. त्या पिवळ्या प्लास्टिकला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. त्या काळातली बरीच प्लास्टिकं त्यात विरघळतात. शाफ्टच्या टोकावरची टिप, म्हणजे चेंडूला लागणारी चामड्याची टोपी, पसरून बाहेर आलेली असेल, दोरा मळलेला असेल, असू दे. क्यू पुन्हा माळ्यावर टाकू नका आणि भिंतीला तिरपा टेकवून तर ठेवूच नका. दोन्ही तुकडे वेगळे करून पेटीत, पेटी आडवी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. उन्हाळ्यातली माळ्यावरची धग आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी लाकूड वाकतं.

आणि हो, माळा पुन्हा एकदा नीट शोधा. हौशी खेळाडू त्या काळी एका बटला, म्हणजे मुठीकडच्या जाड तुकड्याला, दोन शाफ्ट घेत असत, कारण झिजतो तो शाफ्ट. काकांच्या सामानात नुसता निमुळता दांडा कुठे पडलेला असेल आणि तो याच स्क्रूवर बसत असेल, तर किमतीत चांगला फरक पडेल. पेटीच्या अस्तरात, खिशात हात घालून बघा. दुकानाची पावती, छापील कॅटलॉगचं पान, क्लबचं कार्ड, काहीही मिळालं तरी जपून ठेवा.

आता ओळख पटवू. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही तुकडे एकत्र ठेवा. पूल क्यूचं वजन बहुतेक १८ ते २१ औंस, म्हणजे अंदाजे ५१० ते ५९५ ग्रॅम भरतं. जोडल्यावर लांबी ५७-५८ इंच. शाफ्ट मेपल लाकडाचा, फिकट आणि जवळजवळ बिनरेषांचा. हे सगळं जुळलं तर क्यू अमेरिकी पद्धतीचा आहे, आणि तुमच्या वर्णनावरून तो तसाच असणार.

हे मुद्दाम लिहितोय, कारण महाराष्ट्रात जुन्या घरांत सापडणारे बहुतेक क्यू या जातीचे नसतात. आपल्या जिमखान्यांत खेळ चालायचा तो बिलियर्ड्स आणि स्नूकरचा. ते क्यू विलायती पद्धतीचे: अ‍ॅश लाकडाचे, शाफ्टवर बाणासारख्या उभ्या रेषा, टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचं, आणि बटवर कंपनीची छोटी चकती. बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, रायली, पेराडॉन ही त्यांतली मोठी नावं. चकतीवरचा मजकूरच कधीकधी काळ सांगतो. स्नूकरपटू जो डेव्हिस यांच्या नावाच्या क्यूवर १४७ च्या ब्रेकचा, म्हणजे एकाच खेपेत सलग मिळवलेल्या गुणांचा, उल्लेख असेल तर तो जानेवारी १९५५ नंतरचा, कारण तो ब्रेक त्यांनी तेव्हा केला. बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंड्रम यांच्या नावाबरोबर त्यांच्या ब्रेकचा ४१३७ हा आकडा असेल तर क्यू १९३२ नंतरचा. कुणाकडे असा क्यू असेल तर ती चकती उकरू नका, घासू नका.

तर तुमचा क्यू. काका ज्या वर्षांत तिथे होते ती अमेरिकी पूलच्या दृष्टीने फार महत्त्वाची. १९६१ साली 'द हसलर' हा चित्रपट आला आणि तिकडे पूलची लाट आली. तोपर्यंत क्यू म्हटला की ब्रन्सविक या जुन्या कंपनीचा. लाटेनंतर छोट्या कार्यशाळांतून, एकेका माणसाच्या हातचे क्यू मागितले जाऊ लागले. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पट्ट्यात त्यांतले बरेच कारागीर होते. ब्रुकलिनमध्ये जॉर्ज बालाबुश्का होते. मूळचे रशियाचे, पेशाने सुतार. १९५९ मध्ये त्यांनी क्यू बनवायला सुरुवात केली आणि १९७५ साली वारले. न्यू जर्सीत एलिझाबेथ इथे पामर कंपनी होती. फ्रँक पॅराडाइज यांचंही नाव तेव्हा मोठं होतं. पामर आणि पॅराडाइज यांच्या बऱ्याच क्यूंना बुंध्याशी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असायची. तिच्या आत कंपनीचं किंवा मालकाचं नाव घातलेलं असायचं.

म्हणून तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग ती खिडकी आहे. राज्य जुळतं, वर्षं जुळतात, खिडकीही जुळते. तरी नुसत्या पत्रावरून मी तो पामरचा ठरवणार नाही. त्याच काळात जपानी कारखान्यांतले स्वस्त क्यूही अमेरिकेत भरपूर विकले जात होते, आणि त्यांनी नामवंतांची ढब उचलली होती. फरक कळतो तो त्या चार काळ्या टोकांपाशी.

दुपारच्या उजेडात घराच्या खिडकीशी बसा आणि चांगलं भिंग घ्या. एका टोकाचा अगदी वरचा, सुईसारखा भाग बघा. खऱ्या कामात काळं लाकूड पिवळ्या लाकडात खाच पाडून बसवलेलं असतं. त्याभोवतीच्या रंगीत कडा म्हणजे रंगवलेल्या लाकडाचे पातळ पापुद्रे. दोन बाजूंनी आलेले हे पापुद्रे शेंड्याला एकमेकांना भिडतात आणि तिथे बारीकशी जोडरेष दिसते. काळ्या भागात त्याच्या स्वतःच्या लाकडाचे धागे दिसतात, शेजारच्या मेपलपेक्षा वेगळे. चारही टोकांची उंची तंतोतंत सारखी नसेल तर घाबरू नका, हाताच्या कामात थोडा फरक राहतो. स्वस्त मालात मात्र ही टोकं छापलेली असतात. भिंगाखाली रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, मेपलचे धागे टोकाच्या आतून तसेच सरळ पुढे जातात, आणि बोटाच्या नखाला कधीकधी चिकटपट्टीची कड लागते. छापील टोकं निघाली तर ताई, शोध तिथेच थांबवा. तो क्यू काकांची आठवण म्हणून ठेवा. विकून दोन-चार हजारांपलीकडे काही हाती लागणार नाही.

टोकं खरी निघाली तर पुढचं काम. क्यू उघडून मधला स्क्रू पट्टीला लावा आणि एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. १४ आणि १८ हे दोन आकडे जास्त भेटतात, क्वचित १०. स्क्रू पितळी आहे की पोलादी, भोवतालची कडी कशाची, तेही लिहून ठेवा. जाणकाराला यावरून कार्यशाळा आणि काळ ओळखायला मोठी मदत होते. जॉइंटच्या, म्हणजे दोन तुकडे जुळतात त्या जागेच्या, वर-खाली आणि बुंध्याशी बारीक रंगीत कड्या असतील त्यांचे जवळून फोटो काढा. प्रत्येक कारागिराची कड्या लावायची आपली एक रीत असते, आणि सही नसलेले क्यू बऱ्याचदा याच कड्यांवरून ओळखले जातात.

सरळपणा तपासायला ओट्याचा ग्रॅनाइट चांगला. आधी शाफ्ट, मग बट, शेवटी जोडलेला क्यू हलक्या हाताने लोळवा. नजर ओट्याच्या पातळीला आणून क्यूखालची उजेडाची फट बघा. क्यू निमुळता असल्यामुळे फट असणारच. बघायचं ते एवढंच की लोळताना ती उघडझाप करते का. शाफ्ट थोडा वाकला असेल तर किंमत उतरते, पण क्यू निकामी होत नाही. बट वाकला असेल तर मात्र मोठाच फटका. दोन्ही वेगवेगळे सरळ असून जोडल्यावर डुगडुगत असतील तर दोष जॉइंटमध्ये आहे, तिथे बऱ्याचदा नुसती जुनी घाण साठलेली असते. तीही तुम्ही काढू नका.

आता ते आठ लाख. तुमच्या भाच्याने बहुधा बालाबुश्काची जाहिरात पाहिली असावी. त्यांनी आयुष्यभरात साधारण हजार-बाराशेच क्यू बनवले असं मानतात. त्यांचा अस्सल, न छेडलेला क्यू हजारो डॉलरना जातो, उत्तम नग तर दहा हजारांच्याही पुढे. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' चित्रपटाने हे नाव घरोघरी पोचवलं. गंमत अशी की पडद्यावर बालाबुश्का म्हणून दाखवलेला क्यू जॉस या दुसऱ्याच कंपनीने बनवलेला होता. त्यानंतर नकला निघाल्या, खोट्या सह्या निघाल्या, त्या नावाचे कारखानी क्यूही आले. चार काळी टोकं आणि रंगीत कडा ही त्या काळातली सर्वसाधारण नक्षी होती, त्यामुळे फोटोत सगळे सारखेच दिसतात. फोटोतल्या सारखेपणावर आठ लाखांची आशा बांधू नका, आणि भावंडांनाही बांधू देऊ नका. घरातले बरेच वाद अशा ऐकीव आकड्यावरूनच पेटतात.

शिवाय तो आकडा मागितलेला होता की मिळालेला? जाहिरातीत कुणीही काहीही मागू शकतो, आणि वर्षानुवर्षं न विकला गेलेला मालच नेटवर सगळ्यात जास्त डोळ्यांसमोर येतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या दाखवायची सोय आहे, तिथे साधारण मागच्या ९० दिवसांतले सौदे दिसतात. लिलावगृहांचे जुने निकालही बघता येतात. भाच्याला हेच काम द्या: कंपनी कळल्यावर त्याच कंपनीचे, त्याच काळातले, विकलेले पाच-सहा क्यू शोधायचे आणि प्रत्येकाची अवस्था शेजारी लिहायची. पामरचा साठच्या दशकातला क्यू निघाला तर आकडा काही शे डॉलरमध्ये असेल, वरच्या मॉडेलचा आणि जपलेला असेल तर हजाराच्या पुढे. या कंपनीची छापील कॅटलॉग निघत, आणि संग्राहक आजही "पहिल्या कॅटलॉगमधला", "दुसऱ्या कॅटलॉगमधला" असंच बोलतात. त्यामुळे मॉडेल नक्की करता येतं. ब्रन्सविकचा, विली हॉप या खेळाडूच्या नावाचा क्यू निघाला तरी हिशेब साधारण याच पातळीचा.

काकांच्या नावामुळे किंमत वाढेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण भावंडं विचारतील. सहसा उलट होतं. घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव असलेला क्यू थोडा कमी भावात हवा असतो. तरी नाव काढायचा विचारही करू नका. ती खिडकी कुणी उघडलेली नाही, याचा पुरावा ते नावच आहे. नावाने किंमत वाढते ती नाव मोठ्या खेळाडूचं असेल आणि कागद सोबत असेल तेव्हा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय. त्यांच्या हातचा म्हणून कुणी क्यू दाखवला आणि सोबत त्या क्यूसकट त्यांचा फोटो किंवा पत्र नसलं, तर तो बाजारात साध्या जुन्या क्यूच्याच भावाने मोजला जाईल.

वाटणीसाठी कोणती किंमत धरायची हाही प्रश्न आहे, कारण एकाच क्यूच्या तीन किमती निघतात. दुकानदार विकतो ती सगळ्यात वरची. संग्राहक थेट तुमच्याकडून घेईल ती तिच्या खालची. दुकानदार तुम्हाला रोख देईल ती सगळ्यात खालची, कारण त्याला जागा, दुरुस्ती आणि वाट बघणं यांचा खर्च असतो. दुकानात विक्रीला ठेवायला दिला तर विकला गेल्यावर दलाली कापून पैसे मिळतात. माझं मत विचाराल तर तिघांपैकी कुणाला क्यू घरात ठेवायचा असेल, त्याच्याकडून दुकानदाराची रोख किंमत धरून बाकीच्या दोघांचा वाटा घ्यावा. विकून जेवढे हातात पडले असते तेवढेच ते आहेत. घरच्या माणसाला बाहेरचा भाव लावणं मला पटत नाही.

एक गोष्ट कायद्याची, आणि ती टाळू नका. टिपेखालची पांढरी नळी, जॉइंटची कडी किंवा बुंध्याची टोपी हस्तिदंताची असू शकते. उघड्या कडेवर भिंगाने बघा: हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, हाडात काळपट बारीक छिद्रं दिसतात, प्लास्टिक एकसारखं असतं. तापवलेली सुई टोचून बघायची जुनी पद्धत वापरू नका, वस्तू कायमची डागाळते. वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या दुरुस्त्यांमुळे भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. अमेरिकेतही २०१६ पासून नियम फार कडक झाले आणि न्यू जर्सी राज्याने तर त्याआधीच, २०१४ मध्ये, बंदी घातली. शंका आली तर विकायची बोलणी करण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. सुदैवाने त्या काळातल्या पुष्कळ क्यूंवर प्लास्टिकच आहे.

दाखवायचं कुणाला? नाशिक, पुणे, मुंबईच्या जिमखान्यांतले जुने मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे आणि गुण मांडणारे लोक, क्यूचा सरळपणा, लाकूड, जॉइंट हे सगळं हातात धरताच सांगतील. त्यांच्याकडे एकदा जरूर जा. किमतीचा अंदाज मात्र अमेरिकेतल्या जुन्या क्यूंच्या दुकानदारांकडूनच घ्यावा लागेल, कारण घेणारे तिथे आहेत. अनेकजण फोटोंवरून प्राथमिक मत देतात. संपूर्ण क्यू साध्या चादरीवर, मग चारही टोकं चार बाजूंनी, जॉइंट उघडून, खिडकी तिरक्या उजेडात, दोरा, टिप, बुंध्याचा तळ आणि पेटी असे फोटो काढा. वजन, लांबी, शाफ्टच्या टोकाची जाडी आणि आट्यांचा आकडा सोबत लिहा. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाठवा. एखाद्याने मत देता देता लगेच विकत घ्यायची घाई केली तर बाकीच्यांची उत्तरं येईपर्यंत थांबा. मत लेखी घ्या, म्हणजे भावंडांसमोर ठेवता येईल.

तिकडे पाठवायची वेळ आली तर कुरिअरपेक्षा ओळखीच्या कुणाबरोबर गेलेला बरा. दोन्ही तुकडे वेगवेगळे कापडात गुंडाळून, कडक नळीत, चेक-इन सामानात द्या. अमेरिकी विमानतळांवर क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. पोचल्यावर नळी उघडण्याआधी दोन-तीन दिवस खोलीत तशीच राहू द्यावी, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला हळूहळू सरावेल.

फोटो आणि मोजमापं मलाही पाठवा. खिडकीतलं नाव कागदावर टाइप केलेलं आहे की कोरलेलं, हे त्यात नक्की कळवा.